लातुरात धबधबा? ‘एक लातूरकर’ यांना उत्तर

नमस्कार.

परसातल्या तळ्याची आणि त्याच्या धबधब्याची निगा कशी राखतो, हे मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली आणि लगेच चार जण तुमच्यावर तुटून पडले. मी मुद्दाम गप्प राहिलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात शोभेला पाणी पाडणं हा माज आहे. हे पुण्या-मुंबईचं खूळ, आपल्याकडचं नाही. असलं डबकं म्हणजे डासांची पैदास. फोटोत पाणी हिरवं दिसतंय म्हणजे ते सडलंय, त्यात ब्लीचिंग टाका नाहीतर दर आठवड्याला बदला. आणि शेवटची ओळ: “हिंमत असेल तर रोज किती पाणी वर घालता त्याचा आकडा छापा.”

आकडा छापतो. उशीर त्याच्यामुळंच झाला.

मीही लातूरकरच आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे ‘जलदूत’ आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा मी इथंच होतो. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली होती. आमच्या घरात तेव्हा ताटाला केळीचं पान नाहीतर कागदी पत्रावळी, कारण भांडी घासायला पाणी नाही. आंघोळ परातीत बसून, आणि परातीतलं पाणी संडासात. त्यामुळं ‘माज’ हा शब्द लागला खरा, पण तुम्हाला तो वापरायचा हक्क नाही असं काही वाटलं नाही.

रागाच्या भरात पहिलं उत्तर लिहिलं होतं, चांगलं झणझणीत. त्यातलं मुख्य वाक्य होतं, “धबधब्याचं पाणी फिरतं, खर्च होत नाही.” तेच पाणी पंपानं वर, तेच खाली. हे वाक्य मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलंय. पाठवायच्या आधी वाटलं, छापायचं तर मोजून छापू. मोजलं, आणि ते उत्तर खोडून टाकलं.

तळं दहा फूट बाय सहा फूट, सरासरी दोन फूट खोल. म्हणजे साधारण ३,४०० लिटर. पृष्ठभाग साठ चौरस फूट, म्हणून पातळी एक मिलिमीटर उतरली की साडेपाच लिटर गेले असं धरायचं. पहिल्यांदा बॉलकॉक, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारी तोटी, बंद केला. (हा बॉलकॉक लक्षात ठेवा, खरा गुन्हेगार तोच आहे.) मग शाळेतली स्टीलची पट्टी कडेच्या शहाबादीला उभी चिकटवली. तळ्यात दगडावर एक बादली ठेवली, आत-बाहेर पाणी सारखं भरलं आणि बादलीच्या आतल्या बाजूलाही खूण केली. ऊन, वारा, पाण्याचा गरमपणा दोन्हीकडं सारखाच. बादलीतून जे जाईल ते उन्हानं नेलं. तळ्यातून त्याहून जास्त जे जाईल ते माझ्या कारागिरीनं.

पहिल्या दिवशी पंप बंद ठेवला. चोवीस तासांत बादली १० मिलिमीटर उतरली, तळं ११. म्हणजे तळं गळत नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी धबधबा चालू ठेवला. बादली पुन्हा १०. तळं ३१.

पट्टी तीनदा पाहिली. चष्मा पुसून पाहिली. ३१ म्हणजे जवळपास १७३ लिटर! पाणी पडताना शिंतोडे उडतात, पातळ पदर होऊन वाऱ्याला जास्त मिळतं, हे धरूनसुद्धा हा हिशेब बसत नव्हता. बंद असताना गळत नाही आणि चालू असताना गळतं, याचा अर्थ चोर धबधब्यातच असणार, पंपाच्या पाइपापासून पाणी जिथून खाली पडतं त्या सांडव्यापर्यंत कुठंतरी.

शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. पाइपाचे सांधे कोरडे. दगडांमागं हात घालून पाहिलं, कोरडं. सापडलं ते शेवग्यामुळं. धबधब्याच्या मागं आमचा शेवगा आहे आणि तो भर मेमध्ये असा हिरवागार की शेजारच्या काकू पाल्यासाठी यायच्या. त्याच्या बुडाशी बोट खुपसलं तर माती ओली. बाकी सगळ्या परसात हात जाईल एवढ्या भेगा, आणि इथं चिखल.

कारण आपल्याच मातीत होतं. धबधब्याच्या दगडांचा ढीग मी थेट काळ्या मातीवर रचला होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घरांच्या भिंती तडकतात त्या यानंच, हे तुम्हाला मी काय सांगावं. ढीग मागच्या बाजूला अर्धा इंच कलला होता. खाली शेततळ्याची ५०० मायक्रॉनची पन्नी आहे, ती शाबूत. पण कलल्यामुळं ढिगाच्या माथ्यावरच्या डबऱ्यात पाण्याची पातळी मागच्या काठाला टेकली, काठावरून पन्नीच्या पलीकडं बारीक धार लागली, आणि तिथल्या शेवाळानं वातीसारखं पाणी ओढून शेवग्याला पाजलं. समोरून पाहिलं तर धबधबा झकास.

आणि हे कळलं का नाही? बॉलकॉकमुळं. पातळी उतरली की तो उघडायचा, गुपचूप भरायचा, बंद व्हायचा. तळं कायम काठोकाठ. मागच्या पावसाळ्यात मी छताच्या पाण्यासाठी दहा हजार लिटरची टाकी केली आणि बॉलकॉक तिला जोडला. ती मार्चअखेर रिकामी झाली. मी म्हणालो, ऊनच तसलं आहे. आणि नळी बोअरच्या टाकीला लावून मोकळा झालो. आज हिशेब केला, रोज १७३ लिटर म्हटल्यावर दहा हजार अठ्ठावन्न दिवसांत संपणारच.

दुरुस्ती सांगतो, कारण हे वाचून कुणीतरी उद्या काळ्या रानात ढीग रचायला घेईल. दगड उतरवले. दीड फूट काळी माती काढून टाकली. तिथं मुरूम भरला, पाणी मारून थरथरानं धुम्मस केला. पन्नीचा मागचा काठ पुढच्या सांडव्यापेक्षा चार बोटं उंच घेतला आणि तो मातीत न पुरता उभा, उघडा ठेवला, म्हणजे शेवाळाची वात लागत नाही. सांडव्याची फरशी पाण्याची लेव्हल ट्यूब लावून सपाट बसवली. दगड परत रचताना अंगठा चेचला, ते वेगळं.

दुरुस्तीनंतर, धबधबा चोवीस तास चालू ठेवून तळं उतरलं १५ मिलिमीटर. चौऱ्याऐंशी लिटर. म्हणजे गळती रोजची नव्वद लिटरच्या आसपास होती. माती आक्रसलेले नुसते दोन महिने धरले तरी ५,४०० लिटर, एक टँकर. माझ्या ‘फिरतं, खर्च होत नाही’ची ही किंमत.

चौऱ्याऐंशीही मला जास्तच वाटले. एकतर शेडनेट टाकली. दुसरं म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा धबधबा बंद. पण पंप बंद करत नाही. फिल्टरच्या ड्रमातून पाणी थेट तळ्यात, पाण्याखाली सोडायची वेगळी नळी काढलीय, मध्ये एक कॉक. दुपारी तिकडून, रात्री धबधब्यावरून. लोक उलटं करतात, दिवसा पाहायला चालू आणि रात्री झोपताना बंद. माशांना पाण्यात मिसळलेल्या हवेची खरी गरज पहाटे असते, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळही तीच हवा ओढत असतात, आणि पाणी जितकं गरम तितकी त्यात ती कमी मावते. २० अंशांना लिटरमागं नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३५ ला सातच. मासे सकाळी वर येऊन तोंड वासताना दिसले तर ते भुकेनं नाही. चाळीस वॅटचा पंप, दिवसाला एक युनिट होतं.

हे सगळं केल्यावरचा आकडा: ९ मिलिमीटर. पन्नास लिटर. आमचा कूलर याहून जास्त पितो, पण कूलरशी तुलना करून मी सुटका करून घेत नाही. कूलरपुढं माणूस झोपतो, धबधब्यापुढं मी नुसता बसतो.

आता तुमचे बाकीचे मुद्दे.

डासांचं पटत नाही. डासाची अळी साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात वाढते; डेंग्यूचा डास तर घरातल्या कूलरच्या ट्रेमध्ये, फुटक्या टायरात, फ्रिजच्या मागच्या भांड्यात खूश असतो. तळ्यात गप्पी मासे आहेत, आरोग्य खात्याची माणसं विहिरी-हौदांत सोडतात तेच. अळी दिसायला उरत नाही. मी आठवड्याला जे कोरडं करतो ते कुंडीखालच्या बशा.

ब्लीचिंगचा सल्ला मात्र कृपा करून कुणाला देऊ नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. फिल्टरमधल्या स्पंजावर, खडीवर जे बुळबुळीत बसतं ते जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते झाडं खातात. ही वसाहत बसायला चार-सहा आठवडे लागतात आणि ब्लीचिंगमधल्या क्लोरिननं ती तासाभरात मरते. मला हे वाचून नाही कळलं. पहिल्या वर्षी एका रविवारी मोठ्या उत्साहानं सगळे स्पंज नळाच्या, क्लोरिन घातलेल्या पाण्याखाली पांढरेशुभ्र होईस्तोवर धुतले. बुधवारपर्यंत सात गोल्डफिशपैकी पाच गेले. बायकोनं जास्वंदीखाली खड्डा केला, बोलली काही नाही. तेव्हापासून एका वेळी एकच स्पंज, तोही तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन, दोनदा पिळून बास. ती गढूळ बादली कढीपत्त्याला.

पाणी हिरवं आहे हे खरं. सडलेलं नाही, सडलं असतं तर वास आला असता. ऊन भरपूर आणि खत भरपूर, म्हणून बारीक शेवाळ. पाणी बदललं की नवीन पाण्यात ते पुन्हा आठ दिवसांत हिरवं होतं, आणि ३,४०० लिटर वाया जातात. तुम्हीच पाण्याचा हिशेब मागता आणि तुम्हीच दर आठवड्याला तळं उपसायला सांगता, हे कसं? कमळाच्या पानांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकला आणि माशांचं खाणं निम्मं केलं की उतरतं. या वर्षी माझी कमळं मागं पडली, एवढंच.

खूळ आपल्याकडचं नाही, यावर थोडं भांडतो. संभाजीनगरच्या पाणचक्कीत हर्सूलकडून खापरी नळानं आणलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडतं, अठराव्या शतकापासून. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला, आदिलशाहीत, वरून नर-मादी धबधबे. पडत्या पाण्याजवळ बसावं असं या कोरड्या मुलखालाच जास्त वाटत असणार. अर्थात ते पाणी वाहतंच होतं, वाटेत त्यांनी त्याला पाडलं. माझं बोअरमधून उपसलेलं. इथं तुम्ही जिंकता.

आणि आणखी एका ठिकाणी जिंकता, जे तुम्हाला माहीतही नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोन बोअर आटले. माझा चालू होता, आणि बॉलकॉक त्यालाच जोडलेला होता. तो अख्खा उन्हाळा धबधबा पडत होता. समोरच्या घरचा मुलगा सायकलला कॅन अडकवून पाणी आणायचा, त्याला तो आवाज ऐकू जात असणार. कुणी काही म्हटलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा पहिल्यांदा तो मुलगा आठवला, आणि राग बहुधा त्या आठवणीचाच आला.

बॉलकॉक काढून टाकलाय. आता बादलीनं भरतो, रोज चार बादल्या, हातानं. खांदा दुखला की पट्टी पाहावीच लागते. पाऊस सुरू झाला की टाकीचं पाणी. आमच्या हजार चौरस फुटांच्या छतावर दहा मिलिमीटरची एक सर पडली तरी गळती-बिळती वजा जाता साडेसातशे लिटर येतं. ते मऊही असतं. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, म्हणून काठावर ती पांढरी कड. तुम्हाला फोटोत ती दिसली असेल, विचारलं नाहीत. दिवाळीपर्यंत टाकी भरली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात धबधबा बंद, गप्पी ड्रमात आणि तळ्यावर पन्नी. हे इथं लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला येऊन विचारता येईल.

आज सकाळचं मोजमाप ८ मिलिमीटर, काल आभाळ होतं म्हणून. शेवग्याची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. काकू विचारून गेल्या, झाडाला काय झालं. बायको आता भाजी धुतलेलं पाणी त्याला घालते.