खुलासा : ५० नॉट म्हणजे ताशी ५० किलोमीटर नव्हे
कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय: ‘समुद्रात वारा ५० नॉट, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. आपली बुलेट पण जास्त पळते!’ चूक. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ५० नॉट म्हणजे जवळपास ९३. बुलेटवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. ‘ताशी ५० नॉट’ही म्हणू नये, तास त्यातच आला.

नॉट म्हणजे गाठ, हे मात्र खरं. जुन्या जहाजांवरून लाकडी फळी बांधलेला दोर पाण्यात सोडत. दोराला साधारण ४७ फुटांवर एकेक गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईतो हातातून सरकलेल्या गाठी मोजल्या, की तोच वेग. फळीतल्या लाकडाच्या गाठीलाही इंग्रजीत नॉटच म्हणतात. तिचा वेगाशी संबंध नाही.