‘वीसच्या खाली घेऊच नका’: दुर्बिणीच्या एका फॉरवर्डला उत्तर

दिवाळीच्या सुट्टीचं ताडोब्याचं बुकिंग झालं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतं. ‘दुर्बीण घेताना फसू नका!!’ असा मथळा आणि खाली कुणा बेनाव ‘शिकार-तज्ज्ञा’चा सल्ला. तो थोडक्यात असा: झूम जितका जास्त तितकी दुर्बीण चांगली, वीसच्या खाली घेऊच नका. शिकारी लोक वापरतात ती मोठ्या तोंडाची दुर्बीण सगळ्यात उत्तम. काच लाल असेल तरच ती मिलिटरीची, तिच्यातून रात्रीही दिसतं. डब्यावर किती किलोमीटरची रेंज लिहिलीय ते बघा. महागड्या कंपन्या नावाचे पैसे घेतात, काच ती काच. आणि एवढं करून जमत नसेल तर शंभर एक्सचा मोबाईल घ्या, दुर्बिणीची गरजच नाही.

यंदा ते मामांनी टाकलं. मामांनी नुसतं टाकलं नाही, त्याप्रमाणे २०×५० ची दुर्बीण घेऊनही टाकली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी शब्दाचा घोळ. डब्यावरच्या ८×४२ मधला ८ म्हणजे झूम नव्हे. वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो आकडा कमीजास्त होत नाही. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खरोखर झूम होणाऱ्या, १० ते ३० वगैरे लिहिलेल्या दुर्बिणीही मिळतात. स्वस्तातली तशी घेऊ नका. दोन नळ्यांमधली सरकणारी भिंगं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली राहणं अवघड असतं, आणि जरा फरक पडला की दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं.

आता वीसचा मुद्दा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून गेलो होतो, मामांच्या गळ्यात नवी कोरी वीस-पन्नास. समोर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, मोठा थवा उथळ पाण्यात चोची बुडवून उभा. मामांनी दुर्बीण लावली आणि पहिलं वाक्य आलं, ‘‘अरे, हे नाचतायत का?’’ नाचत नव्हते. वीसपट दाखवणारी दुर्बीण हाताची थरथरही वीसपट दाखवते, त्यात होडीचं हलणं आलं, आणि अकरा वाजता तापलेल्या पाण्यावरून उठणारी हवेची लाटही आली. मामींकडे माझी जुनी आठ-बेचाळीस होती. त्या शांतपणे सांगत होत्या, तो बघा चमच्या, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतोय. मामा पाच मिनिटांनी दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, मळमळतंय.

हातात धरून बहुतेकांना सात-आठ पट स्थिर ठेवता येतं, सराव असेल तर दहा. त्यापुढे तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, हवं. वीस ते साठ पट दाखवणारे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका नळीच्या मोठ्या दुर्बिणी, असतातच, शिवडीच्या चिखलात ओहोटीला पसरलेले तुतारी आणि चिखले हे पक्षी ओळखायला त्यांच्यासारखं साधन नाही. पण ते तिकाटण्यावरच लावतात. जिप्सीत उभं राहून हातात धरायची ती वस्तू नाही.

याहून मोठा तोटा वेगळाच, आणि फॉरवर्डवाल्याला त्याचा पत्ताच नाही. पट वाढले की दिसणारा तुकडा आक्रसतो. चांगल्या आठ-बेचाळीसमधून एक किलोमीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, वीस-पन्नासमधून ५५ च्या आसपास. जंगलात किलोमीटरभर लांबचं कोण बघतं? पन्नास मीटरवरचा उंबर घ्या. आठमधून साडेसहा मीटर रुंद फांदोरा एका नजरेत येतो, वीसमधून जेमतेम पावणेतीन. आता त्यात हरियल शोधा. आपला राज्यपक्षी, पानांच्याच रंगाचा, फळ खाताना सरकला तरच कळतो. वीसच्या दुर्बिणीतून पान, पान, फांदी, आकाश, पुन्हा पान असं चालतं, आणि तो आपल्या पिवळ्या पायांनी पलीकडच्या फांदीवर निघून गेलेला असतो. साध्या डोळ्यांनी दिसलेला पक्षी दुर्बीण लावल्यावर हरवतो ही नवख्यांची नेहमीची तक्रार. त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. बऱ्याचदा दुर्बीणच चुकीची असते.

आणि उजेड. दुर्बीण हातभर लांब धरून तिची मागची बाजू आपल्याकडे ठेवा, आभाळाकडे बघा. डोळ्याकडच्या भिंगात एक लहानसं उजळ वर्तुळ तरंगताना दिसेल. दुर्बिणीतून जेवढा प्रकाश डोळ्यात शिरतो तो या वर्तुळातून. त्याचा व्यास काढायला भागाकार पुरतो: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. ५० भागिले २०, म्हणजे अडीच. भर दुपारी आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, तेव्हा फरक कळत नाही. पण प्राणी दिसतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, तेव्हा बाहुली पाचेक मिलिमीटर उघडते. अडीचचं वर्तुळ त्यातला चौथाच हिस्सा भरतं. म्हणजे पैसे देऊन अंधार विकत घेतला.

इथे फॉरवर्डमधली शिकाऱ्यांची मोठ्या तोंडाची दुर्बीण येते, आणि खरं सांगायचं तर हा मुद्दा सगळाच खोटा नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रानडुकराच्या शिकारीला लोक चांदण्या रात्री उंच मचाणावर बसतात. त्यांची ठरलेली दुर्बीण ८×५६. भागाकार करा, सात मिलिमीटर. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून तो आकडा. त्यांच्या कामाला ती अगदी योग्य. पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि सफारीचं फाटक उघडतं ते उजाडताना. शिवाय पन्नाशीनंतर बाहुली पाच-साडेपाचच्या वर सहसा उघडत नाही, उरलेला प्रकाश बाहुलीच्या बाहेर, बुबुळावर सांडतो. वर किलोभराहून जास्त वजन मानेला. मामा त्रेसष्टचे आहेत.

याच शिकारी वर्तुळातून आलेला आणखी एक आकडा हल्ली जाहिरातीत दिसतो, संधिप्रकाशाचा गुणांक. पट आणि व्यास यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×५६ ला २१ येतो आणि २०×५० ला जवळजवळ ३२. या हिशेबाने मामांची दुर्बीण जर्मन शिकाऱ्यापेक्षा दीडपट सरस! या सूत्रात काचेची प्रत नाही, हाताची थरथर नाही, बाहुली नाही. दोन चांगल्या, एकाच जातीच्या दुर्बिणींची तुलना करायला ते ठीक आहे. बाजारातल्या डब्यावर मात्र तो फक्त मोठा दिसणारा आकडा आहे. (त्याच डब्यांवर बंदुकीच्या फुलीखाली फांद्याफांद्यांच्या शिंगांचं हरीण छापलेलं असतं. ते सांबरही नसतं न् चितळही. युरोपातून आलेल्या चित्रासारखाच सल्लाही तिथूनच उचललेला.)

लाल काच. पुढच्या भिंगावरून लाल झळाळी येते याचा अर्थ लाल प्रकाश आत न जाता परत फिरतोय. तो तुमच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही, चित्र हिरवट-निळसर होतं. अशा दुर्बिणीतून लालभडक निखार पक्षी बघा, विझलेला दिसेल. मिलिटरीचा आणि याचा संबंध नाही. आणि रात्री दिसण्याबद्दल: भिंगांची कुठलीही साधी दुर्बीण दृश्याला मुळाहून जास्त उजळ करू शकत नाही, तो प्रकाशाचा नियमच आहे. खऱ्या नाइट व्हिजनला आत प्रकाश वाढवणारी यंत्रणा लागते आणि तिला बॅटरी लागते. बॅटरीचं झाकण नसेल तर नाइट व्हिजनही नाही.

रेंज? चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे, तो तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुढचा मुद्दा.

‘काच ती काच’ हे मात्र सावकाश घेण्यासारखं आहे, कारण पैसे इथेच जातात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगं आणि प्रिझम मिळून असे दहा पृष्ठभाग सहज होतात. दहा वेळा चार-चार टक्के गेले की तिसरा हिस्सा प्रकाश गायब, आणि तो मुकाट जात नाही, आतल्या आत उसळून चित्रावर दुधी पडदा धरतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवून हे थांबवण्याची युक्ती काढली. आज सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप असेल तर नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. डब्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ असे पूर्ण शब्द हवेत. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या भिंगावर एक थर असला तरी लिहिता येतं.

दुसरं, पाऊस. कोकणात राहणाऱ्याने तर हे आधी बघावं. नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही. न भरलेली एखाद्या जुलैत कपाटात पडून राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती लेपच खाते. पुसून जात नाही. माझी पहिली दुर्बीण अशीच गेली. आता डबा हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्यात तव्यावर गरम करून पुन्हा. अर्थात नावाचे पैसे कंपन्या घेतातच, त्याबद्दल वाद नाही. लाखाच्या आणि पंधरा हजाराच्या दुर्बिणीत जेवढा फरक दिसतो, त्याहून कितीतरी मोठा पंधरा हजाराच्या आणि फुटपाथवरच्या दीड हजाराच्या दुर्बिणीत दिसतो. चष्मेवाल्यांनी मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंतचं अंतर (आय रिलीफ) १५ मिलिमीटर किंवा जास्त आहे का एवढं विचारावं. नाहीतर चष्म्यातून कडा कापलेलं वर्तुळ दिसत राहतं.

मोबाईल. त्याचा ‘एक्स’ मोजतात त्याच्याच मुख्य कॅमेऱ्याच्या तुलनेत, आणि तो कॅमेरा आधीच रुंद बघतो. त्यामुळे मोबाईलचे दहा म्हणजे दुर्बिणीचे दहा नव्हेत, बरेच कमी. शंभरपर्यंतचा उरलेला प्रवास सॉफ्टवेअर करतं. पुरावा म्हणून फोटो हवा तर जरूर काढा. पण झुडपात दोन सेकंद थांबणारा वटवट्या पडदा उजळेपर्यंत थांबत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मामांचा एकच प्रश्न आला: ‘‘मग माझ्या वीस-पन्नासचं काय करू?’’

मामा, फेकू नका. दोन नळ्या जोडणाऱ्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला प्लॅस्टिकचं लहान बूच असतं, ते नखाने फिरवून काढा. आत आटे दिसतील. एल आकाराची पट्टी कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते, ती तिथे बसवून दुर्बीण भाच्याच्या तिकाटण्यावर चढवा. गच्चीत जा, गुरू वर आलेला असेल तर त्याच्यावर धरा आणि हात काढून घ्या. बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, ते गुरूचे चंद्र, जास्तीत जास्त चार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदललेल्या असतील. ताडोब्याला माझी आठ-बेचाळीस न्या, मामींनी सोडली तर.