सेवा पुरे, आईंना उठू द्या

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात माणूस आजारी पडलं की दोन गोष्टी हमखास घरात येतात. एक सुखडीचा डबा आणि दुसरं, "आता मस्त आराम करा." सुखडी चालेल. त्या वाक्यावर मात्र माझा राग आहे.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय 76. ऑपरेशनच्या दुसऱ्याच सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी हजर. "चालो बा, ऊभा थाव." आमचे हे तिच्यावर खेकसलेच. काल हाड जोडलं आणि आज उभं करतेस? ती शांतपणे म्हणाली, आत आधार बसवलाय तो उभं राहायलाच, आणि डॉक्टरांनी वजन टाकायला सांगितलंय. पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा. शिवाय पाय वाळतात. एका प्रयोगात साठी-सत्तरीच्या धडधाकट माणसांना 10 दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळजवळ 1 किलो स्नायू गेला. धडधाकट माणसांचा हा हिशेब!

डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ होती: फिजिओथेरपी चालू ठेवा. किती, कशी, कुठवर, काही नाही. मग तीच मुलगी आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली, एका वेळचे 400 रुपये. नणंदेचा प्रश्न, "मशीन नाही, शेक नाही, मग पैसे कसले?" आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक. आडवं पडायचं, कुणीतरी काहीतरी लावायचं, आपण डुलकी काढायची. शेकाने दुखणं जरा हलकं होतं, पण खुर्चीतून उठायला मांडीत जोर लागतो, तो शेकाने कुठून यायचा?

तिचे व्यायाम बघायला अगदीच साधे. घोटा वर-खाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं. पुढे खुर्चीतून उठबस, आधी हात टेकून, मग न टेकता. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. (हल्ली रस्त्यात काठीवाला माणूस दिसला की मी आधी त्याचा हातच बघते.)

खरं तर या गावाला हे नवं वाटायला नको. इथल्याच जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव तालीमही शिकवायचे आणि हाडंही बसवायचे. योगावर संशोधन करणारे स्वामी कुवलयानंद 1907 ते 1910 त्यांच्याकडेच शिकले. म्हणून आज कुणी एक्स-रे न काढता हाडवैद्य गाठू नका, पण मोडलेलं हाड आणि व्यायाम आपल्याच गावात एका माणसाकडे होते, एवढं लक्षात घ्या.

आडवे आलो ते आम्हीच. पाण्याचा तांब्या हातात, ताट पलंगावर, उठायला लागल्या की दोन्हीकडून काखेत हात. तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी वैतागून म्हणाली, "तमे बधा बहु सारा छो, एटले ज बा नथी चालता." सगळे फार चांगले, म्हणूनच बा चालत नाहीत! मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दोन दिवस आई माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वॉकरचा ठकठक आवाज आला, आणि आत येऊन म्हणाल्या, "तांब्या घासलेला नाही."

परवा आत्याबाई भेटायला आल्या. बेल वाजली तेव्हा मी पोळ्या करत होते, म्हणून आईच काठी घेऊन उठल्या आणि दार उघडलं. आत्याबाई चप्पल काढायच्या आधी माझ्यावर कडाडल्या, "अगं, तिला कशाला उठवलंस!"