डेटा 'जतन केला जाईल'. पण कोण करणार, कुठे आणि कधीपर्यंत?

संशोधनाच्या अनुदानाच्या अर्जासोबत जोडलेल्या डेटा व्यवस्थापन योजना वाचायला घेतल्या की एक वाक्य हमखास भेटतं: "प्रकल्पातील सर्व माहिती सुरक्षितपणे जतन केली जाईल व आवश्यकतेनुसार उपलब्ध करून दिली जाईल." वाचायला बरं वाटतं. पण त्यात करणारा माणूस नाही, जागा नाही, मुदत नाही, खर्च नाही. माझं ठाम मत आहे की योजनेतलं प्रत्येक "केली जाईल" लाल पेनाने अधोरेखित करावं आणि त्याच्या जागी पद, वार आणि ठिकाण लिहावं. म्हणजे असं: "दर शुक्रवारी संध्याकाळी प्रकल्प सहायक फील्ड लॅपटॉपवरच्या नव्या फाइल संस्थेच्या सर्व्हरवर चढवेल, चेकसम जुळवेल आणि नोंदवहीत सही करेल. तो रजेवर असेल तेव्हा हे काम वरिष्ठ संशोधकाचं." (चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण; फाइल जराही बदलली की ती बदलते.) असं वाक्य लिहायला घेतलं की लगेच कळतं, आपल्याकडे सर्व्हरवर जागा आहे की नाही आणि हे काम करायला कोणी आहे की नाही. योजना लिहायची ती यासाठी.

सुरुवात आकारमानाच्या हिशेबापासून करा, कारण जागा, खर्च आणि बॅकअपची पद्धत त्यावरूनच ठरते. समजा ६० मुलाखती आहेत, प्रत्येकी ९० मिनिटांच्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलचं असंकुचित वेव्ह रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतं. म्हणजे सगळ्या मिळून सुमारे ४७ जीबी, तीन प्रती धरल्या तर १४० जीबी. हे कुठेही मावेल. त्याच मुलाखतींचा व्हिडिओ सेकंदाला २० मेगाबिट दराने घेतला तर तासाला ९ जीबी, ९० तासांचे ८१० जीबी आणि तीन प्रतींचे जवळजवळ अडीच टीबी. "व्हिडिओही घेऊन ठेवू, असू दे" हा निर्णय सहज घेतला जातो आणि अख्ख्या योजनेचा आकार बदलून टाकतो. शिवाय व्हिडिओत चेहरा असतो, तो झाकायचं काम वेगळंच.

सेन्सरच्या बाबतीत उलट असतं. सेकंदाला एक नोंद म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी. एका ओळीला ६० बाइट धरले तरी दहा सेन्सरचं वर्षभराचं ओझं १९ जीबीच्या आसपास. आकार किरकोळ आहे, पण प्रत्येक मिनिटाला वेगळी फाइल तयार होत असेल तर वर्षअखेर फाइलची संख्या पन्नास लाखांच्या पुढे जाते, आणि कॉपी करताना, चेकसम काढताना खरा वेळ तिथे जातो. दिवसाला एक फाइल हे सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाका.

बहुतेक योजना आपली सगळी शाई साठवणुकीवर खर्च करतात, आणि नेमकी तिथेच माझी तक्रार आहे. फाइल शाबूत असते, उघडतेही, पण तिच्यातल्या रकान्याचा अर्थ सांगणारा माणूस निघून गेलेला असतो. रकान्याचं नाव "तापमान". हवेचं की पाण्याचं? किती खोलीवर? कुठल्या उपकरणाने, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी? सरासरी आहे की त्या क्षणाचं वाचन? हे ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी लिहायला दोन मिनिटं लागतात. चार वर्षांनी ते शोधून काढायला आठवडे लागतात, आणि कधीकधी ते सापडतच नाही.

म्हणून पहिली ओळ भरण्याआधी डेटा-कोश तयार हवा: प्रत्येक रकान्यासाठी नाव, पूर्ण अर्थ, एकक, कोणती मूल्यं चालतील, किती दशांशांपर्यंत, आणि नोंद नसेल तर काय लिहायचं. या शेवटच्या मुद्द्यावर फार पाणी मुरतं. रिकामी चौकट म्हणजे मोजलंच नाही? मोजलं पण सापडलं नाही? उपकरण बंद होतं? की उत्तर देणाऱ्याने नकार दिला? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना चार वेगळे संकेत लागतात. शून्य हा त्यातला एकही संकेत नव्हे. -९९९ वापरत असाल तर तो कोशात लिहा, नाहीतर कोणीतरी त्यासकट सरासरी काढणार. त्यापेक्षा मूल्याचा रकाना रिकामा ठेवून शेजारी "कारण" नावाचा रकाना करणं मला जास्त पटतं.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. ०३/०४/२०२१ म्हणजे एप्रिलची ३ की मार्चची ४, हे नंतर कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आयएसओ ८६०१ हे मानक यासाठीच आहे, आणि त्या क्रमामुळे फाइल आपोआप कालक्रमाने लागतात हा वरचा फायदा. वेळेसोबत टाइमझोन लिहा. उपकरणाचं घड्याळ पुढेमागे होतं, म्हणून ते कधी आणि कशाशी जुळवलं याचीही नोंद हवी.

एक्सेलबद्दल बोलावंच लागेल, कारण निम्मं जग त्यातच काम करतं. मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची नावं एक्सेल गुपचूप तारखेत बदलत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले, कारण जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत. एक्सेल वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण रकान्याचा प्रकार आधी "टेक्स्ट" करा, चौकटी एकत्र जोडू नका, आणि पिवळ्या रंगाने अर्थ सांगू नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करताच रंग उडतो आणि "पिवळ्या ओळी संशयास्पद" ही माहितीही त्याच्यासोबत जाते. शंका असेल तर त्यासाठी रकाना करा.

देवनागरी मजकूर असेल तर आणखी एक काळजी. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्येच ठेवा. बाइट ऑर्डर मार्क (फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग ओळखायला मदत करणारी खूण) नसलेली सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांचा कचरा दिसू शकतो. ती तशीच सेव्ह केली तर तो कचरा कायमचा. इम्पोर्टच्या मार्गाने उघडून एन्कोडिंग निवडा. आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रतिलेखनं असतील तर ती आताच रूपांतरित करा, कारण फाइलच्या पोटात देवनागरी नसतेच, नुसती रोमन चिन्हं असतात. तो फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

मूळ डेटाला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पाळला मात्र जात नाही, कारण फोल्डर उघडं असतं. उपकरणातून फाइल उतरली की "मूळ" फोल्डरमध्ये टाका आणि ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करून ठेवा. दुरुस्त्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, करा, म्हणजे काय बदललं आणि का, हे स्क्रिप्टच सांगेल. स्क्रिप्ट येत नसेल तर दुरुस्तीची वही ठेवा: तारीख, फाइल, ओळ, जुनं मूल्य, नवं मूल्य, कारण. फाइलच्या नावात "अंतिम" हा शब्द वापरायला माझी पूर्ण मनाई आहे. आवृत्तीला क्रमांक द्या, ०१, ०२, ०३.

आता बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हे सूत्र जुनं आहे आणि अजूनही बरोबर आहे. चुकतं ते प्रत कशाला म्हणायचं यात. क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर हा बॅकअप नाही. तुम्ही इथे फाइल पुसली की ती तिथेही पुसली जाते, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल इमानेइतबारे सगळीकडे पोचते. जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात, पण किती दिवस ते तपासून योजनेत लिहा. रेड पद्धतीने जोडलेल्या डिस्क एखादी डिस्क बिघडली तर वाचवतात, चुकून दिलेल्या डिलीटपासून नाही. तीनपैकी निदान एक प्रत अशी हवी जिच्यावर रोजच्या लॉगिनने काही लिहिता किंवा पुसता येत नाही.

हे किती खरं आहे ते क्योतो विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये अनुभवलं. महासंगणकाच्या साठवणुकीतून सुमारे ७७ टीबी डेटा पुसला गेला, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइल, १४ संशोधन गटांच्या. जुन्या लॉग फाइल काढून टाकणारी, बॅकअप व्यवस्थेतलीच एक स्क्रिप्ट चालू असताना तिची सुधारित आवृत्ती वर चढवली गेली. अर्ध्यातून नवी स्क्रिप्ट वाचली गेली, त्यातली व्हेरिएबल रिकामी होती, आणि लॉगऐवजी भलत्याच फाइल पुसल्या गेल्या. चार गटांचा डेटा परत मिळू शकला नाही. मोठी संस्था, महाग यंत्रणा, जाणकार माणसं, सगळं होतं. म्हणून "आमचा डेटा संस्थेच्या सर्व्हरवर आहे" एवढ्या उत्तरावर मी समाधानी होत नाही.

चेकसम कधी काढता हेही महत्त्वाचं. फाइल उपकरणातून उतरताच एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम काढून यादीत नोंदवा. दोन वर्षांनी, फाइल आधीच खराब झाल्यावर काढला, तर तुम्ही खराब फाइललाच प्रमाणपत्र देता. आणि दर तीन महिन्यांनी वीस फाइल कशाही निवडून, बॅकअपमधून वेगळ्या संगणकावर परत आणून, चेकसम जुळवून, प्रत्यक्ष उघडून पाहा. परत आणून न पाहिलेला बॅकअप मी मोजतच नाही. कपाटात ठेवलेल्या पेन ड्राइव्ह आणि एसएसडीवर दीर्घकाळ विसंबू नका, वीज न मिळाल्यास त्यांच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. टेप वर्षानुवर्षं टिकते, पण ती वाचणारं यंत्र टिकायला हवं. एलटीओ या टेप-प्रकारातलं आठव्या पिढीचं यंत्र स्वतःच्या पिढीखेरीज फक्त एक पिढी मागची टेप वाचतं.

माणसांविषयीचा डेटा असेल तर संमतीपत्रातलं एक वाक्य सगळ्या योजनेवर पाणी फिरवू शकतं: "अभ्यास संपल्यावर सर्व माहिती नष्ट केली जाईल." जुन्या नमुन्यातून ते उचललं जातं, सही होते, आणि मग तो डेटा जतन करायला वाटच उरत नाही. नैतिकता समितीकडे जाण्याआधीच संमतीपत्र आणि योजना शेजारी ठेवून वाचा. नुसती नावं काढून ओळख पुसली जात नाही. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव म्हणून ओळखता येऊ शकतात. जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी जिल्हा घ्या. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या जागी, कुलूपबंद करून ठेवा. तिचा पासवर्ड दोघांकडे हवा, कारण एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा पासवर्ड हरवणं म्हणजे फाइल हरवणंच.

"मागितल्यास डेटा उपलब्ध करून देऊ" या आश्वासनावर माझा विश्वास नाही, आणि तो का नाही याला पुरावा आहे. २०१४ च्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांमागचा डेटा लेखकांकडे मागण्यात आला. निबंध जितका जुना तितकी डेटा हाती असण्याची शक्यता दर वर्षामागे १७ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. ईमेल पत्ते मेलेले, डिस्क वाचता न येणाऱ्या. त्यापेक्षा डीओआय (कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) देणाऱ्या संग्रहात ठेवा. आपल्या विषयाचा खास संग्रह आहे का ते री३डेटा या डेटा-संग्रहांच्या ऑनलाइन सूचीत पाहा. नसेल तर सर्न ही युरोपातली कणभौतिकी संस्था चालवते तो झेनोडो हा सर्व विषयांचा संग्रह आहेच. तिथे एका नोंदीला मुळात ५० जीबीची मर्यादा आहे, म्हणून वरचा आकारमानाचा हिशेब इथे कामी येतो. लायसन्स लिहा, नाहीतर पुढच्याला वापरायची परवानगी आहे की नाही तेच कळत नाही. आणि २०१६ मध्ये मांडलेल्या फेअर तत्त्वांचा (डेटा शोधता, मिळवता, इतर डेटाशी जोडता आणि पुन्हा वापरता यावा) अर्थ सगळं सगळ्यांना खुलं, असा नाही. संवेदनशील डेटा बंद ठेवूनही त्याचं वर्णन, आणि तो कोणाला, कोणत्या अटींवर मिळेल हे उघड ठेवता येतं.

सगळंच जपायचं नसतं. सिम्युलेशनचे निकाल स्वस्तात पुन्हा काढता येत असतील तर कोड, इनपुट, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जपा, निकाल पुसा. निरीक्षणं मात्र पुन्हा होत नाहीत, ती आधी. काय, कधी आणि कोणाच्या सहीने पुसायचं तेही योजनेत हवं.

खर्चात डिस्कपेक्षा माणसाचे तास जास्त धरा, कोश लिहिणं आणि ओळख पुसणं हेच वेळ खातं. प्रकल्प सोडून जाणाऱ्याचा शेवटचा महिना हस्तांतरासाठी राखून ठेवा. डेटा त्याच्या वैयक्तिक खात्यात असेल तर तो त्याच महिन्यात हलवा.

आणि पहिला महिनाभराचा डेटा जमला की ते फोल्डर दुसऱ्या गटातल्या कोणाला तरी द्या. दोन तास द्या, तोंडी काही सांगू नका, आणि एक साधा आलेख काढायला सांगा. तो जे जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं त्याच दिवशी रीडमी फाइलमध्ये, म्हणजे फोल्डरसोबतच्या माहितीपत्रकात, लिहा.