आधी भरपाई लेखी द्या, मग लस टोचा

साताऱ्याचा मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "मंकीपॉक्स आला तर डॉक्टर-नर्सना देवीची लस सक्तीची करावी. सरकारचा पगार घेतात ना?" देवीची लस मंकीपॉक्सवरही चालते, म्हणून ही मागणी. घरच्या ग्रुपवरही सगळ्यांनी त्याचीच री ओढली. मला हे पटत नाही.

इराक युद्धाच्या तोंडावर, डिसेंबर 2002 मध्ये, देवीच्या विषाणूचा हल्ला होईल या भीतीने अमेरिकेत बुश सरकारने देवीची लस देण्याची योजना जाहीर केली. आधी सुमारे 5 लाख आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, अग्निशमन दल वगैरे धरून 1 कोटीपर्यंत. सक्ती नव्हती. लस घेतली जेमतेम 40 हजारांनी.

मी तेव्हा न्यू जर्सीत इमर्जन्सी विभागात नर्स होते. दंडावर लहानपणी घेतलेल्या देवीच्या लसीचे दोन व्रण. नव्याने घेणाऱ्याला दोन-तीन टोचे, माझ्यासारखीला दुतोंडी सुईचे पंधरा. लस जिवंत विषाणूची. टोचलेल्या जागेची खपली गळून पडेपर्यंत तो घरातल्यांना लागू शकतो. माझ्या धाकट्याला इसब होता, आणि अशा मुलाच्या तो जिवावर बेतू शकतो. मी विचारलं, खपली पडेपर्यंत घराबाहेर राहायचं तर रजा पगारी का? मुलाला काही झालं तर खर्च कुणाचा? वरिष्ठांकडे उत्तर नव्हतं. मी नकार दिला, आणि आजही मला तो बरोबर वाटतो.

मार्चमध्ये लस घेतलेल्या दोघींचा हृदयविकाराने मृत्यू झाला. लसीमुळेच झाला असं सिद्ध झालं नाही, पण हृदयरोग असलेल्यांना वगळण्याची सूचना निघाली. भरपाईचा कायदा झाला 30 एप्रिल 2003 ला. तोवर लस घ्यायला येणारे फारसे उरले नव्हते.

आताची नवी लस शरीरात वाढत नाही, त्यामुळे जास्त सुरक्षित आहे, हे खरं. पण सक्तीचा प्रश्न तिथेच राहतो. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोविड लसीनंतरच्या मृत्यूंची भरपाई देण्यास सरकार बांधील नाही. दिवाणी न्यायालयात जावं. रात्रपाळी करणारी नर्स किंवा आशाताई तिथे वर्षानुवर्षं कशी जाणार?

दादाची मुलगी, माझी भाची, सध्या इंटर्न आहे. त्रास झाला तर अर्ज कुठे करायचा, पैसे कोण देणार, किती दिवसांत, हे तिच्या हातात लेखी पडलं, तर मीच तिला म्हणेन, घे बाळा.