‘गाडी कुठंच अडकणार नाही’ म्हणणारे सात नियम

पहिला पाऊस पडला की ताम्हिणीच्या फोटोंबरोबर हा मेसेजही ग्रुपवर येतो. ‘फोर बाय फोरवाल्यांनो, हे सात नियम पाळा, गाडी कुठंच अडकणार नाही. एका जुन्या फौजी ड्रायव्हरचा तीस वर्षांचा अनुभव.’ ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पावसाळाभर फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारी, नेहमीच्या वेगाची जोडणी) लावून ठेवा, चिखलात-वाळूत जाण्याआधी टायर टणक फुगवा, पाण्यात रेस सोडू नका, सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं नाही की झालं, आणि बंद पडलीच तर सेल्फ मारत राहा, उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवा, रुतलेली गाडी काढताना दोर ढिला ठेवून झटका द्या, ऑफरोडला सीटबेल्ट लावू नका, वेळ आली तर उडी मारता येते, आणि महिन्यातून एकदा तरी फोर बाय फोरची दांडी टाकत जा.

सातवा नियम बरोबर आहे. बाकीचे सहा एकतर आधीपासूनच चुकीचे आहेत, नाहीतर ते वेगळ्याच गाडीचे आहेत. फौजी ड्रायव्हर खराही असेल, पण त्यानं चालवली असेल ती जबलपूरला बनलेली सैन्याची जुनी गाडी जोंगा किंवा जुनी पेट्रोल जीप. आज घाटात दिसतात त्या कॉमन-रेल डिझेल आणि टर्बो पेट्रोल. ते औषध हिला देऊन कसं चालेल?

फोर-एचपासून सुरू करू. आपल्याकडच्या थार, जिम्नी, गुरखा या गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) नाही. दांडी टाकली की पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद नेणारे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, त्यामुळं पुढच्या शाफ्टला जास्त फिरायचं असतं, पण फिरता येत नाही. माती, खडी, चिखल असेल तर चाक जरासं घसरून हा हिशेब मिटवतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग तो पीळ गिअरांत साठत जातो. मी हे एका हॉटेलच्या फरसबंद अंगणात शिकलो. घाटभर फोर-एचमध्ये आलो होतो. गाडी लावायला फुल स्टिअरिंग वळवलं तर गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी आचके द्यायला लागली, टायर कुंईकुंई करायला लागले, आणि दांडी काही केल्या निघेना. हॉटेलच्या वॉचमननं सांगितलं, ‘साहेब, सरळ रिव्हर्स घ्या.’ दहा-बारा मीटर मागं गेलो आणि दांडी खट्कन सुटली. नशीब, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला नाही.

यामागचा मोठा गैरसमज असा की फोर बाय फोरमुळं ओल्या घाटात गाडी लवकर थांबते. ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतो, मारुती ८०० लाही लागायचा. फोर बाय फोर गाडी पुढं ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. दरड कोसळून रस्त्यावर चिखल आलाय तिथं जरूर टाका. पुढं डांबर लागलं की काढा.

टायरचा नियम तर उलटाच आहे. टणक टायर वाळूत कुऱ्हाडीसारखा घुसतो. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी लांबट छाप पडते आणि गाडीचं वजन वाटलं जातं. कोरड्या मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआय, चिखलात २० च्या आसपास, वेग बैलगाडीचा आणि स्टिअरिंगला हिसका नाही, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. कमी हवेवर हायवेला पळवलं तर साइडवॉल तापून फाटते.

पण वाळूचं नाव काढलं म्हणून सांगतो, किनाऱ्यावर गाडी नेऊच नका. सुट्टीच्या दिवसांत अलिबागपासून दापोलीपर्यंत कुठं ना कुठं भरतीत बुडालेल्या गाडीचा व्हिडिओ येतोच. ओहोटीला सिमेंटसारखी कडक दिसणारी ओली वाळू पाणी चढायला लागलं की चाकाखालून निसटते, आणि ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत जेमतेम सहा तास असतात. कोकणातली माणसं घड्याळ न बघता भरती सांगतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्याही वर येतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या ड्रायव्हरला आजची तिथी विचारून बघा. शिवाय वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. चाकाखाली काय आलं हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

आता पाणी. या नियमानं सगळ्यात जास्त गाड्या खाल्ल्या असतील. सायलेन्सरची भीती फुकटची आहे. इंजिन चालू असेपर्यंत आतला धूर पाण्याला बाहेरच रोखतो. जीव जातो तो हवा ओढणाऱ्या तोंडातून. एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना त्याला दाबू बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी पाण्यात बंद पडली आणि तुम्ही सेल्फ मारला, की जे काम अर्धवट राहिलं होतं ते तुम्ही स्वतःच्या हातानं पूर्ण करता. जुन्या पेट्रोल जीपला पहिला गिअर टाकून सेल्फवर पाण्याबाहेर काढता यायचं, हे खरं आहे, आणि हा नियम तिथूनच आलाय. आजच्या बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. बंद पडली तर चावी फिरवू नका, माणसं आधी बाहेर काढा, गाडी ओढून घ्या, आणि मिस्त्रीनं इंजिनात पाणी नाही हे तपासल्याशिवाय सुरू करू नका.

कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाणी चालेल म्हणते. तो आकडा साचलेल्या पाण्याचा समजा, वाहत्या नदीचा नाही. साधं गणित करा. गाडीचा तळ अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला, तर पाणी तळाच्या पत्र्यापासून वर चढेल तसं दर १० सेंटिमीटरला पावणेचारशे किलो वजन पाणी उचलतं. पावणेदोन टनांची गाडी आहे. दोन वितींच्या आत चाकांवरचं निम्मं वजन गेलं, आणि मग चारही चाकं फिरली काय, न फिरली काय, प्रवाह म्हणेल तिकडं जायचं. स्नॉर्केल, म्हणजे छपराच्या उंचीवरून हवा ओढणारी नळी, लावलं म्हणजे हे गणित बदलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलच्या चंद्रा नदीतून थार नेणाऱ्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. तो पार झाला, म्हणून खाली ‘भाई, कमाल’ अशा कमेंटी होत्या. पोलिसांनी ३,५०० रुपयांचं चलन केलं ते मात्र फारसं कुणी पुढं पाठवलं नाही. हिवाळ्यात ती नदी उतरलेली असते. आपला जुलैतला ओढा तशी सवलत देत नाही. काठी घेऊन आधी चालत पलीकडं जाऊन या. चालत जायची हिंमत होत नसेल तर गाडीनंही जायचं नाही. आणि जायचंच ठरलं तर फोर-एल (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त), दुसरा गिअर, एकसारखा हळू वेग, मध्ये क्लच नाही.

न्यूट्रलचं उत्तर लांबवत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजचं इंजिन डिझेल फवारणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत झालीच तर गिअरमध्ये. वर उतारभर ब्रेक दाबून लायनर तापतात ते वेगळंच. मातीच्या तीव्र उतारावर फोर-एल आणि पहिला गिअर टाकून पाय क्लचवरून काढा. चाकं लॉक होऊन मागचा भाग फिरायला लागला, तर ब्रेक सोडून किंचित रेस द्या. मन तयार होत नाही, पण गाडी सरळ होते.

झटक्याच्या दोराबद्दल मला राग आहे, कारण यात तिसऱ्याच माणसाचा जीव जातो. झटका द्यायचा दोर वेगळा येतो, तो नायलॉनचा आणि ताणणारा असतो. साखळी, लोखंडी वायर किंवा बाजारातला साधा टो-रोप ताणत नाही, तो तुटतो किंवा हुक उखडतो. ताशी १५ किलोमीटरनं येणाऱ्या पावणेदोन टनांच्या गाडीत सिमेंटचं ५० किलोचं पोतं दहाव्या मजल्यावर नेण्याइतकी ताकद असते. दोर तुटल्यावर ती सगळी हुकात आणि शॅकलमध्ये (दोर अडकवायच्या लोखंडी कडीत) जाते, आणि काच फोडून थेट आत येते. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवायचा नाही. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाका, आणि दोराच्या दीडपट अंतराच्या आत व्हिडिओ काढणारा भाचासुद्धा उभा राहू देऊ नका. खरं तर दहापैकी आठ वेळा फावडं पुरतं. चाकापुढची माती काढा, हवा कमी करा, खाली दगड नाहीतर फांद्या टाका.

सीटबेल्टचा नियम कुठून आला असेल याचा अंदाज आहे. वर बार नसलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट बांधत नाहीत, तो उलटला तर खाली सापडू नये म्हणून. उघड्या जुन्या जीपलाही तेच लागू होतं. पण पत्र्याचं छप्पर किंवा रोल केज (लोखंडी पाइपांचा सांगाडा) असलेल्या गाडीत तुम्ही आत राहिलात तरच ते छप्पर तुमचं. गाडी कलंडते ती एका सेकंदात, आणि उडी मारणारा नेमका त्याच बाजूला पडतो जिकडं गाडी येतेय. उलटण्याची सुरुवात बहुतेकदा चढावर होते: गाडी अर्ध्यात थांबते आणि ड्रायव्हर तिथंच वळवायला बघतो. वळवायची नाही. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका, आल्या वाटेनं सरळ खाली या.

राहिला सातवा. दांडी महिनोन्‌महिने हलवली नाही तर ती गंजून बसते, आतलं ऑइलही सगळीकडं फिरत नाही. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एच आणि थोडं फोर-एल चालवायचं. मात्र मेसेजमध्ये देखभालीचं एवढंच आहे, आणि पाण्यातून आल्यावर काय बघायचं त्याचा शब्दही नाही. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये चिखल बसतो, तो उघडून धुवावा लागतो. रेडिएटरच्या जाळीत माती वाळली की पुढच्या घाटात तापमानाचा काटा वर चढतो. व्हील नट पुन्हा आवळायचे, क्रॉसला ग्रीस मारायचं.

आणि एक्सल. चालून तापलेलं त्याचं हाउसिंग (बाहेरचं लोखंडी कवच) थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढते. गेल्या पावसाळ्यात अर्धी चाकं बुडतील एवढ्या ओढ्यातून आलो, गाडी झकास चालत होती. तरी मिस्त्रीला ड्रेन प्लग उघडायला लावला. धार आली ती पिवळ्या ऑइलची नव्हती, दुधाळ, दाट, घाटातल्या टपरीवर मिळतो तशा रंगाची. मिस्त्रीनं बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली. ‘दोन कटिंग भरतील,’ म्हणाला, आणि नवीन ऑइलचा डबा आणायला पोराला पाठवलं.