शेतकऱ्याला गरीब ठेवण्यातला आपला वाटा

गरिबी ही एकट्या सरकारची कामगिरी आहे असं समजून हात झटकू नका. सरकार तरी एकटं किती करणार? तुम्हीही हातभार लावा.

कांदा साठ रुपये किलो झाला की लगेच बोंब मारा. पिझ्झ्याला सहाशे मोजताना मात्र गप्प बसायचं, नाहीतर आवाज बसतो. पुढचं दिल्ली बघते. 1998 मध्ये तिथलं राज्य सरकार कांद्याच्या भावात वाहून गेलं, तेव्हापासून हा आवाज सत्तेला फार लवकर ऐकू येतो.

मग काय होतं ते कौतुकानं पाहा. जून 2020 मध्ये अध्यादेशानं कांद्यावरची साठ्याची बंधनं सैल झाली, शेतकरी स्वतंत्र झाल्याचा गजर झाला. 14 सप्टेंबरला निर्यातबंदी! आणि 22 तारखेला राज्यसभेनं तेच स्वातंत्र्य कायद्यात बसवायला मंजुरी दिली. एवढी विनोदबुद्धी आमच्यात नाही. 2023 मध्ये ऑगस्टला 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरला बंदी. ती 31 मार्चपर्यंतच होती, म्हणून मार्च संपायच्या आत वाढवली. उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीचं मतदान 20 मे रोजी होतं, हा निव्वळ योगायोग. तोवर लाल कांद्याचा हंगाम निघून गेला होता.

भाव पडला की मात्र हस्तक्षेप नको. तेव्हा 'बाजार आहे, चालायचंच' म्हणा. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापुरात एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन दोन रुपये मिळाले. चेकनं; तोही पुढच्या तारखेचा! तेव्हा तुम्ही मोर्चा काढला नाहीत, हे योग्यच केलंत. राज्य सरकारनं नंतर क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं. सुरुवातीची अट साधी: सातबाऱ्यावर कांद्याचा ई-पीक पेरा, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद, हवा. कांदा बाजार समितीत पोचला, लिलाव झाला, विक्रीची पट्टी हातात आली. पण सातबाऱ्यावर उगवलाच नसेल तर सरकारनं काय करावं?

एवढं जमलं की वीस रुपयांच्या कांद्यात दोन रुपयांची घासाघीस करा, सडका म्हणून एक जास्त टाकून घ्या. आणि त्या शेतकऱ्याचा मुलगा उद्या तुमच्या सोसायटीत वॉचमन म्हणून लागला, तर त्याला आपुलकीनं विचारा, गावाकडून एखादी गोणी स्वस्तात मिळेल का.